रब्बीच्या पेऱ्याआधी गावाच्या पाण्याचा ताळेबंद कसा मांडावा

पावसाळा सरताना विहिरी तुडुंब दिसतात आणि बहुतेक गावांत त्या दिसण्यावरच रब्बीचा पेरा ठरतो. संक्रांतीनंतर पंप धापा टाकू लागला की बोअर घ्यायची धावपळ सुरू होते. दोष पावसावर जातो. पण महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर वसलेला आहे. या खडकाच्या भेगांत आणि मुरमात मावणारे पाणी मुळातच थोडे असते. ते किती आहे हे ऑक्टोबरात मोजता येते आणि त्या मापात पेरा बसवताही येतो. हे पाणी गावाच्या शिवाराखाली एकच असते, म्हणून हिशेबही गावाचा एकत्रच मांडावा लागतो. एकट्याने काटकसर केली तर वाचलेले पाणी शेजारच्या पंपातून बाहेर पडते.

आधी मापे पक्की करा. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. १,००० घनमीटरला टीसीएम म्हणतात आणि गावाचा सगळा हिशेब टीसीएममध्येच ठेवावा. वर्तमानपत्रांत धरणांसाठी येणारा टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, वेगळा. एका टीएमसीत सुमारे २८,३०० टीसीएम बसतात. ही दोन अक्षरे उलटसुलट झाली की ग्रामसभेत भलतेच आकडे वाचले जातात. दुसरे माप पावसाचे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी, एकरावर साधारण ४,००० लिटर.

पाऊस गावात मोजा

महसूल मंडळाचा आकडा आयता मिळतो, पण ते यंत्र बऱ्याचदा दुसऱ्याच गावात असते आणि ओढ्याच्या अलीकडे-पलीकडे पाऊस वेगळा पडतो. गावाचा स्वतःचा पर्जन्यमापक हवाच. विकत घेणे जमत नसेल तर सरळ उभ्या बाजूंचे, सपाट तळाचे कोणतेही भांडे चालते. साचलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजली की तोच पाऊस. तळाशी निमुळत्या होणाऱ्या बादलीत ही मोजणी चुकते, ती वापरू नका. तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असलेले नरसाळे मिळाले तर काम आणखी सोपे होते. जमलेले दर २० मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर.

भांड्याचे तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर, अगदी समपातळीत ठेवा. जवळच्या झाडाच्या किंवा घराच्या उंचीच्या दुप्पट अंतर मोकळे सोडा. छपराच्या पन्हळीजवळ किंवा चिंचेखाली ठेवलेल्या मापकाचा आकडा कामाचा नाही. रोज सकाळी साडेआठला नोंद घ्या आणि पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा. कोरी जागा सोडली की नंतर पाऊस नव्हता की मोजणारा नव्हता, हे कळत नाही.

विहिरींची पातळी हा खरा आकडा

पडलेल्या पावसाचा मोठा भाग वाहून जातो, मातीत राहतो किंवा वाफ होऊन उडतो. त्यामुळे पावसाला गावाच्या क्षेत्राने गुणून आलेला भलामोठा आकडा जमेला धरू नका. जमिनीखाली किती साठले हे विहिरी सांगतात.

शिवाराचे माथा, मध्य आणि पायथा असे तीन भाग करा. प्रत्येक भागात चार-पाच विहिरी निवडा. ओढ्याला, पाझर तलावाला खेटून असलेल्याच विहिरी घेतल्या तर सरासरी फुगते, म्हणून लांबच्याही घ्या. कठड्यावर रंगाची खूण करा आणि दर वेळी तिथूनच वजन बांधलेली टेप सोडा. आलेल्या मापातून कठड्याची उंची वजा केली की जमिनीपासूनची पातळी मिळते. शेतकरी परस या जुन्या मापात खोली सांगतील, ती ऐकून घ्या आणि टेपने मोजा.

मोजणीपूर्वी त्या विहिरीचा पंप निदान रात्रभर बंद हवा, शेजारच्या विहिरींचेही शक्यतो बंद असावेत. उपसा चालू असताना घेतलेले माप एक-दोन मीटरनेही चुकू शकते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. तेच महिने धरले तर गावाचे आकडे त्यांच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात.

ताळेबंदासाठी दोन मापे लागतात, मेअखेरची आणि पाऊस ओसरल्यावरची. दोन्हींतला फरक म्हणजे पातळीतली वाढ. मेची नोंद राहून गेली असेल तर विहिरीच्या आतल्या भिंतीवरचा उन्हाळ्यातला डाग आणि मालकाची आठवण यांवर काम भागवा, पण वहीत तसे स्पष्ट लिहा. बोअरची पातळी या सरासरीत मिसळू नका. खोल बोअर खालच्या वेगळ्या थरातून पाणी ओढते, तिथली चढउतार विहिरीच्या थराबद्दल काही सांगत नाही.

आता हे सूत्र लावा: क्षेत्र गुणिले पातळीतली वाढ गुणिले खडकाचे पाणी देण्याचे प्रमाण. मुरूम झालेल्या, भेगाळलेल्या किंवा सच्छिद्र बेसाल्टसाठी हे प्रमाण १ ते ३ टक्के असते आणि साधारणपणे २ टक्के धरतात. म्हणजे पाणी एक मीटर चढले तरी एका हेक्टरखाली प्रत्यक्षात २०० घनमीटरच जमा झाले. विहीर हा खडकातला रिकामा खड्डा असल्याने तिच्यात पाणी भरपूर दिसते, सभोवतालच्या खडकात ते फार कमी असते. अंदाज चुकतो तो इथेच. तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात हे प्रमाण बरेच जास्त असते, तिथे हा २ टक्क्यांचा आकडा लावू नये.

एका ८०० हेक्टरच्या कल्पित गावाचे उदाहरण घेऊ. पाऊस झाला ४८० मिलिमीटर. डोंगर आणि खडकाळ माळ वगळून विहिरींचे क्षेत्र ६०० हेक्टर, सरासरी वाढ ३ मीटर. हिशेब असा: ६०० × १०,००० × ३ × ०.०२ = ३,६०,००० घनमीटर, म्हणजे ३६० टीसीएम. उत्तर ताडून पाहण्याची सोय आहे. सच्छिद्र, भेगाळ बेसाल्टमध्ये पावसाच्या साधारण १३ टक्के पाणी मुरते असे धरतात, नुसत्या मुरमाळ बेसाल्टमध्ये ७ टक्के. ६०० हेक्टरांवर ४८० मिलिमीटर म्हणजे २,८८० टीसीएम, त्याचे १३ टक्के झाले ३७४. दोन्ही आकडे जवळपास आले. तुमच्या गावात एक दुसऱ्याच्या दुप्पट आला तर बहुधा विहिरींची निवड चुकली आहे किंवा क्षेत्रात माळरान शिरले आहे.

यातले निदान १० टक्के पाणी ओढ्याचे म्हणून आधीच बाजूला काढा. दिवाळीनंतर ओढा वाहतो तो याच भूजलावर. उपशामुळे पातळी ओढ्याच्या तळाखाली गेली की ओढा आटतो आणि त्यात उरलेले पाणीही उलट विहिरींकडे झिरपते. मासे, काठचे करंज-उंबर, गुरांचे पाणवठे सगळे त्याबरोबर जातात. वाळू उपसून ओढ्याचे पात्र खरवडले असेल तर हे आणखी लवकर घडते, कारण पाणी धरून ठेवणारा थरच गेलेला असतो. आपल्या गावात वापरायला उरले ३२४ टीसीएम.

तलाव-बंधाऱ्यांत काय धरावे

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात प्रत्यक्ष साठलेले पाणीच धरा. मूळ क्षमता कागदावर १०० टीसीएम असली तरी गाळाने ती किती घटली हे पाहायला हवे. पावसाळ्यात तलावातून मुरलेले पाणी विहिरींच्या वाढीत आधीच आलेले आहे, ते पुन्हा जमेला धरणे ही ताळेबंदातली नेहमीची चूक. उघड्या पाण्यावरून ऑक्टोबर ते मे या काळात एक ते दीड मीटर थर वाफ होऊन जातो, म्हणून उथळ तलावातले निम्मे पाणी सरळ वजा करावे लागते. उदाहरणातल्या गावात तलाव-बंधाऱ्यांत मिळून ७० टीसीएम होते, त्यातले ४० धरू. एकूण जमा ३६४ टीसीएम.

खर्चात आधी माणसे आणि जनावरे

जलजीवन मिशनचे माप माणशी रोज ५५ लिटर आहे. मोठ्या जनावराला ५० लिटर, शेळी-मेंढीला ६ लिटर धरा. उन्हाळ्यात दुभत्या संकरित गाईला यापेक्षा बरेच जास्त लागते. पाऊस लांबण्याची शक्यता लक्षात घेऊन दिवस जूनअखेरपर्यंतचे, म्हणजे २७० धरा. १,८०० माणसे, ७०० मोठी जनावरे आणि ९०० शेळ्या यांना मिळून सुमारे ३८ टीसीएम लागतात. ऊसतोडीला गेलेले लोक परत आल्यावर किंवा बाहेरचे मेंढपाळ शिवारात उतरल्यावर हा आकडा वाढतो, तोही लिहा. यावर ३६ टीसीएम राखीव ठेवू, मोजमापातली चूक आणि पुढच्या जूनचा उशीर यांच्यासाठी. पिकांसाठी राहिले २९० टीसीएम.

पिण्याच्या पाण्याला लागतो एकूण जमेचा दहावा भाग. तरीही मार्चमध्ये टँकर लागत असेल तर त्याचे कारण पिकांच्या नियोजनात सापडेल.

पेऱ्याची मागणी

सातबारावरचा पीकपेरा घेऊ नका, तो बहुतेकदा मागे पडलेला असतो. वाडी-वस्तीवर फिरून कोण किती काय लावणार हे विचारा. ऊस आणि बोअरचे आकडे लोक कमी सांगतात. ऊस शिवारात दिसतोच. बोअरसाठी कृषिपंपांच्या वीजजोडण्यांची संख्या उपयोगी पडते.

ऑक्टोबर ते जून हेक्टरी लागणारे पाणी ढोबळमानाने असे धरता येते: पाटाने दिलेल्या उसाला १६ टीसीएम, कांद्याला ६, गव्हाला ४.५, दोन पाण्यांच्या हरभऱ्याला १.५ आणि एका संरक्षित, म्हणजे पीक वाचवण्यापुरत्या, पाण्याच्या ज्वारीला ०.७५. पाटाची एक पाळी म्हणजे सरासरी ७५ मिलिमीटर पाणी, यावरून हरभरा-ज्वारीचे आकडे येतात. भारी काळ्या जमिनीत मीटरभर खोलीत पिकाला घेता येईल असा १५० ते २०० मिलिमीटर ओलावा असतो. मालदांडीसारखी रब्बी ज्वारी मुख्यतः त्यावरच निघते. हलक्या मुरमाड रानात हा आधार नाही, तिथे एक पाळी जास्त धरावी.

गावाची मागणी आली ती अशी:

ऊस १२ हेक्टर: १९२
कांदा ४० हेक्टर: २४०
गहू ३० हेक्टर: १३५
हरभरा ६० हेक्टर: ९०
ज्वारी ८० हेक्टर: ६०
एकूण: ७१७ टीसीएम

हातात आहेत २९०. तूट ४२७ टीसीएमची, आणि ती बारा हेक्टर ऊस व चाळीस हेक्टर कांदा यांच्याभोवतीच फिरते. हा तक्ता फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. हरभरा आणि ज्वारी मिळून १४० हेक्टर, पाणी १५० टीसीएम. ऊस बारा हेक्टर, पाणी १९२. वेगळे भाषण करावे लागत नाही.

पंपांचाही एक हिशेब करून ठेवा. २०० लिटरचा ड्रम भरायला लागणारे सेकंद मोजा. ४० सेकंद लागले तर सेकंदाला ५ लिटर, तासाला १८ घनमीटर. आठ तास वीज मिळाली तर एक पंप १४४ घनमीटर उपसतो आणि त्यात १९ गुंठे पाटाने भिजतात. गावात असे १२० पंप असतील तर दिवसाला १७ टीसीएम. सगळे पंप पूर्ण वेळ चालले तर २९० टीसीएम पाणी १७ दिवसांत संपेल. ते तसे संपत नाही, कारण विहिरीला पाझर मर्यादित असतो आणि ती तासा-दोन तासांत आटते. म्हणजे आज उपशाला आवर घालतो आहे तो खडक, आणि ठिकठिकाणी बोअर त्याच आवराला भोक पाडतात.

कात्री कुठे लावायची

सगळ्यांचे सरसकट ६० टक्के कापणे कागदावर न्याय्य दिसते, पण शेतात चालत नाही. एका पाण्याच्या ज्वारीचे ते एकच पाणी कापले तर कणीस भरत नाही आणि कडबाही जातो. कात्री जास्त पाण्याच्या पिकांवर चालवा.

उसाचे एक अडचणीचे आहे. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये झालेली असते, ताळेबंद होतो तेव्हा ती रानात उभी असते. म्हणून उसाची मर्यादा ग्रामसभेने मे-जूनमध्येच ठरवायला हवी. ऑक्टोबरात फक्त पूर्वहंगामी आणि ‘सुरू’ या पुढच्या लागणी आणि खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारा ऊस, यांवरच बोलता येते. आपल्या गावात तीन हेक्टर आडसाली उभा आहे. तो ठिबकवर आणला तर हेक्टरी ११ प्रमाणे ३३ टीसीएम, नवी लागण आणि खोडवा बंद. कांदा वीस हेक्टर, ठिबक किंवा तुषारवर, ९०. गहू आठ हेक्टर, ३६. हरभरा साठच्या साठ हेक्टर, तुषारने दोन हलकी पाणी, ६०. ज्वारी पूर्ण, ६०. बेरीज २७९. उरलेल्या ११ टीसीएममध्ये दोन हेक्टर चारा-मका बसतो. चाऱ्याची ओळ ताळेबंदातून हमखास सुटते आणि मग एप्रिलमध्ये घासासाठी राखीव पाण्याला हात लागतो.

ठिबकबद्दल एक सावधगिरी. पाटाने दिलेल्या पाण्याचा काही भाग मुरून पुन्हा विहिरीत येतो, पातळी दहा मीटरच्या आत असेल तर सुमारे चौथा हिस्सा धरतात. ठिबकने तो परतावा बंद होतो, त्यामुळे पंपावर दिसलेली सगळी बचत भूजलात जमा होत नाही. शिवाय वाचलेल्या पाण्यावर क्षेत्र वाढवले तर एकूण उपसा पूर्वीइतकाच राहतो किंवा वाढतो. ठिबक हवे, पण क्षेत्राची मर्यादा ठरवूनच.

वेळापत्रकाची गोम अशी की २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत परतीचा पाऊस संपलेला नसतो. त्या सभेत सप्टेंबरअखेरच्या मापावर कच्चा ताळेबंद मांडा आणि १५ ऑक्टोबरच्या सुमारास विहिरी पुन्हा मोजून पक्का करा. ज्वारीचा पेरा तोवर होऊन जातो, पण तिला पाणीच कमी लागते. गहू नोव्हेंबरात, उन्हाळ कांद्याची लागण डिसेंबर-जानेवारीत. कांद्याचे रोप मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडते. एकदा रोप टाकले की लोक ते लावतातच, म्हणून कांद्याचा निर्णय रोपापूर्वीच व्हायला हवा.

बोअर आणि शेततळी

खोल बोअरने नवे पाणी तयार होत नाही. ते वरच्या थरातून शेजाऱ्यांच्या विहिरींचे पाणी खाली ओढते, नाहीतर खालच्या थरात वर्षानुवर्षे साठलेले काढते, जे एका पावसाळ्यात भरत नाही. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला खोल विहीर म्हटले आहे आणि अधिसूचित क्षेत्रात तिच्यावर बंदीची तरतूद आहे. गाव अधिसूचित नसले तरी ग्रामसभेच्या ठरावाने बंधन घालता येते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर आणि उसासारखी जास्त पाण्याची पिके गावाच्या निर्णयाने बंद ठेवली आणि दरवर्षीचा पेरा पाण्याच्या हिशेबावर ठरवला. तिथे पाऊस साधारण ४०० मिलिमीटरच आहे. ठराव टिकण्याचे एक कारण असे की तो लहान-मोठ्या सगळ्या खातेदारांना सारखाच लागू होता.

प्लास्टिक अंथरलेले शेततळे वाहत्या पाण्याने भरले तर ठीक. प्रत्यक्षात बरीच तळी नोव्हेंबर-डिसेंबरात विहिरी-बोअर उपसून भरली जातात. जमिनीखाली सावलीत असलेले पाणी वर काढून उन्हात ठेवायचे आणि दीड मीटर थर उडू द्यायचा, असा तो व्यवहार. ३० बाय ३० मीटरच्या एका तळ्यातून उन्हाळा संपेपर्यंत हजार घनमीटरच्या आसपास पाणी नुसते वाफ होते. तेवढ्यात एक हेक्टर हरभरा निघाला असता. उपसून भरलेल्या तळ्यांचे पाणी ताळेबंदात त्या शेतकऱ्याच्या नावावर खर्च म्हणून लिहा, जमेत नाही.

नाला खोलीकरणातही हीच चूक होते. गाळ काढणे उपयोगी, पण मुरूम फोडून खाली पाणी धरणाऱ्या थरापर्यंत खणले की दोन्ही काठांच्या विहिरींचे पाणी नाल्यात उतरते आणि उन्हात उडते. खोदाई चालू असताना चरातून पाणी झिरपू लागले तर यंत्र तिथेच थांबवा.

हंगामात दोनदा तपासणी

डिसेंबरअखेर आणि फेब्रुवारीअखेर त्याच विहिरी मोजा. ऑक्टोबरपासून मेपर्यंत ३ मीटर घट अपेक्षित असेल आणि डिसेंबरातच दोन मीटर गेली असेल, तर उन्हाळी भुईमूग, उन्हाळी बाजरी आणि कांद्याची उरलेली लागण तिथेच थांबवा. तीन भागांची सरासरी न पाहता भागवार पाहा. पायथ्याच्या विहिरी मार्चपर्यंत बऱ्या दिसतात आणि माथ्यावरच्या जानेवारीत कोरड्या पडतात. माथ्यावर हरभरा-ज्वारीच ठेवावी, कांदा पायथ्याला. पण मग पायथ्याच्या शेतकऱ्याला मिळणारा हा फायदा गावाने उघडपणे मान्य करून त्याच्याकडून काहीतरी घ्यावे लागते, उदाहरणार्थ चाऱ्यासाठी दोन गुंठे किंवा पिण्याच्या विहिरीला उन्हाळ्यात जोड. हे बोलणे अवघड असते, तरी ऑक्टोबरातच उरकलेले बरे. मार्चमध्ये त्याच मुद्द्यावर पाइप कापले जातात.

आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा: पाऊस, जमा, पिण्याचे, राखीव, पीकवार हेक्टर. अटल भूजल योजनेतल्या गावांत असे फलक लावले गेले आहेत. बऱ्याच ठिकाणी ते एकदाच रंगवले जातात आणि तोच आकडा वर्षानुवर्षे राहतो. म्हणून आकड्यांच्या जागी खडूने लिहिता येईल असा काळा पट्टा ठेवा आणि शेजारी मोजणी करणाऱ्याचे नाव व तारीख लिहायला जागा सोडा.